ओहोळबुवांचा बुधवार

रेव्हरंड सुमंत ओहोळ यांच्यावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता, हे आधीच सांगून टाकतो. त्यांची बदली होऊन आता वर्ष होत आलं. निरोपाच्या दिवशी मंडळातल्या सगळ्यांनी त्यांच्याबद्दल गोड गोड भाषणं केली आणि मी मागच्या खुर्चीवर गप्प बसलो. मला बोलायचं होतं, पण माझ्या बोलण्याची सुरुवातच संशयापासून झाली असती आणि समारंभात ते बरं दिसलं नसतं.

मी रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. बाहेरून आलेला सुटा भाग चांगला दिसतोय म्हणून मी पास करत नाही. इतका चांगला का दिसतोय, ते आधी बघतो. सतरा वर्षं याच कामाचा पगार घेतोय. मेधा, माझी बायको, म्हणते की तू वाढदिवसाचं पाकीटसुद्धा उजेडात धरून बघतोस. बघतो. त्यात काय चुकलं?

तर त्या वर्षी मंडळाच्या गणपतीला हॉल मिळेना. कुणीतरी म्हणालं, गावात एक मराठी पाद्री आले आहेत, नगरचे, त्यांच्याकडे एका चर्चच्या सभागृहाची किल्ली असते, त्यांना विचारू. मी तेव्हाच म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. पाद्री माणूस गणपतीला हॉल कशाला देईल? पण त्यांनी दिला. अट एकच घातली, की कापूर दाराबाहेर लावायचा, कारण आत धूर हुंगणारा राउखमेल्डर आहे आणि तो वाजला की फायर ब्रिगेड येते, तिला बाप्पा कळत नाही.

ते स्वतः किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे उभे होते. बुटका माणूस, जाड भिंगाचा चष्मा, काळा शर्ट, गळ्याशी पांढरी पट्टी, वरून बायकोने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. उजव्या पायाला पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून लावायची सायकलची क्लिप. ती काढायला ते कायम विसरत. पुढे मी त्यांना वेदीपाशी लांब पांढऱ्या झग्यातही पाहिलं, तेव्हाही झग्याखालून क्लिप डोकावत होती.

आरती सुरू झाली. मी त्यांच्याकडे बघत होतो. तोंड बंद, पण टाळ्या अचूक. मधे लय बदलते तिथे आमचे निम्मे इंजिनिअर घसरतात, हे नाही घसरले. नंतर मी सरळच विचारलं.

"सलाम," ते आधी म्हणाले. नगरचे ख्रिस्ती लोक नमस्काराच्या जागी तसं म्हणतात. मग म्हणाले, "आवो, आमच्या गल्लीत मांडव असायचा. बांबू धरायला मीच असायचो. टाळ्यांना कोण नको म्हणतंय?"

"मग आरती का नाही म्हणालात?"

"म्हणायचं ते मी रविवारी म्हणतो."

कार्यक्रम संपल्यावर सगळे पांगले आणि हे गृहस्थ हातात केरसुणी घेऊन सांडलेल्या अक्षता गोळा करायला लागले. ना पत्रक वाटलं, ना कार्ड दिलं, ना कुणाला चर्चला या म्हणाले. मी घरी येताना मेधाला म्हटलं, "मुरलेला माणूस आहे. गळ टाकतोय, पण दोरी दिसू देत नाही."

"किंवा दोरीच नसेल," मेधा म्हणाली.

तिचं ते तसंच असतं.

याच गणपतीत माझे बाबा त्यांना भेटले आणि खरी काळजी सुरू झाली. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबा पुण्यात एकटे, म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर मी त्यांना इकडे आणलं होतं. बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत सहा वर्षं नगरच्या एक्स्चेंजला होते. एवढं पुरलं. दोघं खुर्च्या आवरता आवरता तासभर बोलत राहिले. कुठल्या बोळात कोणाचा फोन होता, कोणाचा कायम बंद असायचा, सगळं निघालं. आमच्या घरी आल्यापासून बाबा एवढं बोलले नव्हते. "पाद्री म्हणजे आमच्याकडचे कीर्तनकारच की," बाबा त्यांना म्हणाले, "मी आपला तुम्हाला बुवा म्हणणार." ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

दुसऱ्या आठवड्यापासून बाबा दर बुधवारी ओहोळबुवांकडे जायला लागले. दोनला निघायचे, पाचच्या आत परत. मी विचारायचो, "काय केलंत?"

"काही नाही. बसलो."

"अडीच तास?"

"चहा झाला. बुवा भले आहेत."

आणि चेहरा कसा ताजातवाना. बाकी सहा दिवस हा माणूस खुर्चीत ताठ बसून भिंतीकडे बघायचा, आणि बुधवारी संध्याकाळी मेधाशी थट्टा करायचा. माझ्या मनात एकच गोष्ट घोळायला लागली. आई गेल्यापासून बाबा आतून हलले होते. असा माणूस आयता सापडतो. पुण्याला परत जाऊन यांनी देव्हारा बंद केला तर? काका, आत्या मला विचारतील, तुझ्या घरी ठेवले होते ना, तुझं लक्ष कुठं होतं?

एका बुधवारी मी रजा टाकली आणि बाबांना सोडायला म्हणून त्यांच्या घरात शिरलो. पाहणीच करायची होती. भिंतीवर मोठा क्रूस वगैरे असेल असं वाटलं होतं. होतं एक नगरच्या कुठल्याशा दुकानाचं कॅलेंडर आणि एका मिशीवाल्या वृद्धाचा फोटो. ते त्यांचे वडील. तेही पाळक, आजोबाही पाळक. त्यांच्यात पाद्र्याला पाळक म्हणतात, आणि यांचं चर्च एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचंच अमेरिकेतलं भावंड, त्यामुळे पाळकांना बायकामुलं असतात. बायको सुनंदाबाई, एका आल्टनहाइममध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करणारी नर्स. त्यांनी मला दारातच बटाट्याची कचोरी दिली. मुलगी रूथ, पंधरा वर्षांची. बाप मराठीत बोलणार, ती जर्मनमध्ये उत्तर देणार, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

ओहोळबुवा टेबलाशी बसून कात्रीनं दह्याचा प्लास्टिकचा डबा कापत होते.

"कॉलरची पट्टी हरवली," ते म्हणाले. "अमेरिकेहून मागवली की तीन आठवडे लागतात. ह्या डब्याची छान होते. जरा गोलसर कापावी लागते, इतकंच. आल्झो," हे जर्मन 'तर मग' त्यांच्या तोंडी बसलेलं, "रविवारी कुणाला कळणार नाही."

"मला कळतं," रूथ जर्मनमध्ये म्हणाली. "आतल्या बाजूला स्ट्रॉबेरी छापलेली आहे."

"तू येतेस कुठे बघायला," ते मराठीत म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "रविवारी हिची हँडबॉलची मॅच असते. हिला मैदानावर सोडतो आणि मग उपासनेला जातो. पाळकांची चौथी पिढी होणार नाही, असं हिनं बाराव्या वर्षीच कळवलंय."

"तुम्ही काही म्हणत नाही?"

"घाई कशाला? देवानंसुद्धा सहा दिवस घेतले."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. बस चुकली, व्हिसा अडला, भाकरी करपली, कशालाही ते लागू व्हायचं. सरळ मनाच्या माणसाने तिथे विचार केला असता की जो स्वतःच्या पोरीला ओढत नाही, तो माझ्या बापाला कशाला ओढेल? मी विचार केला, घरात जमलं नाही म्हणून बाहेर गिऱ्हाईक शोधतोय.

एवढ्यावर थांबलो नाही. पुढच्या रविवारी त्यांच्या उपासनेला जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. दुसऱ्या एका चर्चची इमारत, यांना दुपारी वापरायला मिळायची. चाळीसेक माणसं, त्यांत अमेरिकन आजीआजोबा, नायजेरियाचे विद्यार्थी, दोन केरळी नर्सा. मराठी माणूस एकही नाही. ओहोळबुवांनी प्रवचनाआधी खिशातून स्वयंपाकघरातला अंडी उकडायचा टायमर काढला आणि सात मिनिटं लावून पुढ्यात ठेवला. तो वाजला तेव्हा ते एका वाक्याच्या ऐन मध्यावर होते. तिथेच थांबले. म्हणाले, "पुढचं तुम्ही घरी जाऊन स्वतः ठरवा." लोकांना सवय असावी, कुणी हसलंही नाही. बाहेर पडताना त्यांनी मला पाहिलं. "सलाम, प्रशांतराव. कॉफी तिकडे आहे," एवढंच. कसे आलात, का आलात, काही नाही. मी घरी येऊन मेधाला सांगितलं, "काहीच सापडलं नाही."

"मग झालं तर."

"काहीच सापडत नाही म्हणजे माणूस किती हुशार असेल बघ."

नोव्हेंबरात बाबांच्या छातीत धडधडायला लागलं. हॉस्पिटलमध्ये नेलं, चार दिवस देखरेखीखाली ठेवू म्हणाले. मी गाडी लावून वर आलो तोवर बाबांनी नर्सबरोबर इंग्रजीत फॉर्म भरूनही टाकला होता. मी सवयीने कागद उचलून वाचला. इथे हॉस्पिटलात भरती होताना धर्मपंथ विचारतात. कोन्फेसिओन म्हणून एक रकाना असतो, भरला तर भरला. बाबांनी भरला होता. त्यात लिहिलं होतं, अँग्लिकन.

मी तो रकाना पुन्हा वाचला. बाबांना काही बोलणं शक्य नव्हतं, छातीला वायरी लावलेल्या. मी कागद ठेवून बाहेर आलो, तर समोरून ओहोळबुवा येत होते. पायाला क्लिप, हातात थर्मास. भेटीची वेळ संपलेली, तरी नर्सने गळ्यातली पट्टी बघून त्यांना आत सोडलं होतं. मी त्यांना कॉरिडॉरच्या टोकाला नेलं.

"यापुढे माझ्या वडिलांना भेटायचं नाही," मी म्हटलं. "इथेही नाही, तुमच्या घरीही नाही. म्हाताऱ्या माणसाला एकटं गाठून हे असले धंदे केलेत, लाज वाटायला हवी होती."

आपण काय केलं, असं त्यांनी विचारलं नाही. मला ते कबुलीसारखंच वाटलं. त्यांनी थर्मासचं झाकण पिळून घट्ट केलं.

"बरं," म्हणाले. "पण ते माझी वाट बघतील. त्यांना काय सांगाल?"

"ते माझं मी बघतो."

त्यांनी थर्मास माझ्या हातात दिला आणि जिन्याने खाली गेले. मी आत जाऊन बाबांना सांगितलं, बुवांना अचानक बर्लिनला जावं लागलं, दहा दिवसांची परिषद आहे. बाबांचं विमान नवव्या दिवशी होतं. सगळं मोजूनमापून सांगितलं.

"हो का?" बाबा म्हणाले. "असेल. मोठी माणसं, त्यांना कामं असतात." आणि कूस बदलली.

बाबा बरे होऊन घरी आले, मधला बुधवार आम्ही त्यांना नदीकाठी फिरवण्यात घालवला, आणि ठरल्या दिवशी ते पुण्याला गेले. विमानतळावर त्यांनी बुवांचं नावही काढलं नाही. वेळेवर लक्ष घातलं म्हणून वाचलो, असं मी मेधाला म्हणालो. बुवांना मी तोडून टाकल्याचं कळल्यापासून ती माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही.

जानेवारीत बाबा गेले. मी पुण्याला जाऊन सगळं करून परत आलो, त्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. ओहोळबुवा आणि सुनंदाबाई. हातात डबा, त्यात पिठलं-भाकरी. दुखवट्याच्या घरी चूल पेटू नये म्हणून शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं, हे रेगेन्सबर्गात दुसऱ्या कुणाला आठवलं नव्हतं. मी त्यांना आत घेतलं, कारण दारातून घालवणं बरं दिसलं नसतं. पण मनात म्हटलं, आता डोळे मिटतील, आता हात जोडून प्रार्थना काढतील, मग मी बघून घेईन. त्यांनी ताटं वाढली. नंतर आमच्या सिंकपाशी उभं राहून धुतलीसुद्धा. प्रार्थना नाही.

सुनंदाबाई मेधाला म्हणाल्या, "काकांची झोप तरी पुण्यात नीट होत होती का हो?"

"झोप?" मेधा म्हणाली.

"नाही, बुधवारी आमच्याकडं यायचे ते झोपायलाच ना. चहा घेतला की सोफ्यावर आडवे. काय घोरायचे काका. ह्यांनी रूथला ताकीद देऊन ठेवली होती, बुधवारी दोन ते पाच पियानोला हात लावायचा नाही."

"सुनंदा," ओहोळबुवा सिंकपाशी पाठमोरे होते, तसेच म्हणाले.

मेधाने माझ्याकडे पाहिलं. मला तिचं बघणं कळलं. बाबा आले त्या पहिल्याच आठवड्यात, मी पलीकडच्या खोलीत होम ऑफिस करत होतो आणि ते दुपारी हॉलमध्ये झोपले होते. भिंत पातळ. कॉल संपल्यावर मी हसत हसत त्यांना म्हणालो होतो, "बाबा, तुमचं घोरणं पार म्युनिकच्या ऑफिसात ऐकू गेलं. साहेब विचारत होता, घरात ड्रिलिंग चालू आहे का." बाबाही हसले होते. त्यानंतर ते दुपारी खुर्चीत ताठ बसायला लागले. रात्रीही त्याच हॉलमध्ये, आमच्या खोलीशेजारी जागेच असायचे. वयाबरोबर झोप कमी होते, असं मी धरून चाललो. माझा बाप माझ्या घरात झोपायला भीत होता, आणि मी त्याच्या धर्मावर पहारा ठेवत होतो.

"आणि तो फॉर्म?" मेधाने विचारलं. तिला मी सांगितलेलं होतं.

सुनंदाबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, पण सांगून टाकलं. "काकांनी नर्सला विचारलं, वेळेबाहेर कुणाला सोडता? ती म्हणाली, पाळकाला. मग काकांनी ह्यांचं चर्च कुठलं ते लिहिलं. मला फोनवर म्हणाले, सुनंदाबाई, आम्ही खात्यात जन्म काढला, कुठला रकाना भरला की कुठली लाइन जोडली जाते ते आम्हाला कळतं."

मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि ते दोघं जाईपर्यंत बाहेर आलो नाही.

पुढचे पंधरा दिवस मी कामावर गेलो, आलो, जेवलो. आत एकच गोष्ट कुरतडत होती. बाबा गेले ते बुवांनी आपल्याला टाकलं असं समजून गेले. मित्र म्हणून एकच माणूस मिळाला होता, तो न सांगता बर्लिनला निघून गेला, असं मी त्यांना भासवलं. याला आता उपाय नव्हता. बाबांना सांगता येत नव्हतं, म्हणून मग शनिवारी मी चर्चमध्ये गेलो. ओहोळबुवा एकटेच होते. स्टुलावर चढून भिंतीवरच्या लाकडी फळीत दुसऱ्या दिवशी उपासनेत म्हणायच्या गाण्यांच्या क्रमांकांचे आकडे लावत होते.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कॉरिडॉरमध्ये बोललो त्याची माफी मागितली. मग बर्लिनचं सांगितलं.

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले.

"कसं?"

ते स्टुलावरून उतरले. "तुमच्या बाबांचा त्याच संध्याकाळी हॉस्पिटलातून फोन आला होता. म्हणाले, बुवा, आमचा प्रशांत सांगतोय तुम्ही दहा दिवस बर्लिनला गेलात. तर आता कृपा करून गावात दिसू नका. मेधा स्टेशनवरून कामाला जाते, तिकडे तर फिरकूच नका. पोराचं खोटं उघडं पडलं तर त्याला माझ्यासमोर मान वर करता येणार नाही, आणि माझे थोडेच दिवस राहिलेत इथले."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मग नाही दिसलो," ते म्हणाले. "भाजीला शेजारच्या गावी जायचो. रविवारी मागच्या दारानं आत आलो. रूथला वाटलं, बापाचं डोकं फिरलं. रोज रात्री त्यांचा फोन असायचा, आज कुठे कुठे दिसला नाहीत म्हणून विचारायचे आणि हसायचे."

"मला हे आधी का नाही सांगितलंत?"

"त्यांनी घातलेली अट होती. प्रशांत आपणहून विचारायला आला तर सांगा, म्हणाले. नाही आला तर राहू द्या, त्याला कशाला त्रास."

मी रडलो, आई गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो. ओहोळबुवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. कडेची एक खुर्ची उचलून माझ्यामागे आणून ठेवली. मग परत स्टुलावर चढले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि माझं रडणं थांबेपर्यंत लावलेले आकडे काढून पुन्हा तेच लावत राहिले.